कुठे सापडलं, ते सांग!

*राजवाडा नाही, शिलालेख नाही, देऊळ नाही. तरीही घोड नदीकाठच्या एका गावातली तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं काय खात होती, कुठे राहत होती आणि आपल्या लेकरांना कुठे पुरत होती, हे आज आपल्याला माहीत आहे. कसं?*

माझ्या हॉस्टेलच्या कपाटात प्लास्टिकची एक बरणी आहे. आत खापरं आहेत, मोजून एकतीस. विटकरी रंगाची, त्यांवर काळ्या रेघा. एकावर जाळीची नक्षी, दोन-तीनांवर नुसत्या तिरक्या फराट्या आणि एक तुकडा चक्क तोटीचा. शाळेत असताना दर दिवाळीत आजोळी गेले की मामेभाऊ आणि मी गावाबाहेरच्या टेकाडावर ही गोळा करायचो. पाऊस सरला की ती आपोआप वर आलेली असायची. टेकाडानेच आमच्यासाठी काढून ठेवलीयत, असं वाटायचं.

मागच्या महिन्यात या पानासाठी ‘पुरातत्त्व’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी भलतीच खूश! माझ्याकडे तर घरचंच म्युझियम. बरणी घेऊन थेट रूममेटच्या ताईकडे गेले. ती पुरातत्त्वात एम.ए. करतेय. तिने सगळे तुकडे वर्तमानपत्रावर पसरले, एक उचलून उजेडाकडे धरला, नखाने टिचकी मारली. टण्ण!

‘मस्त भाजलंय. चाकावरचं आहे. जोर्वे असायला हरकत नाही,’ ती म्हणाली. माझी कॉलर ताठ. मग तिने विचारलं, ‘कुठे सापडलं?’

‘टेकाडावर.’

‘टेकाडावर कुठे? नदीच्या अंगाला की गावाच्या? वर पडलेलं की कडा ढासळली होती तिथलं? किती खाली? सगळी एका जागची आहेत का? शेजारी राख होती? हाडं? जळकी माती?’

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना.

‘मग सुंदर आहेत,’ ताई म्हणाली आणि तुकडे परत बरणीत भरायला लागली. ‘पण आता ती फार काही बोलणार नाहीत गं.’

खरं सांगू? मला राग आला होता. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्तू असू शकते म्हणतेस आणि वर ती बोलणार नाही म्हणतेस! त्या रागातच मी इनामगावबद्दल वाचायला घेतलं. आठवडाभर वाचलं. आता राग नाही. उलट ती बरणी उघडायचीच जरा लाज वाटते.

काळी आणि पांढरी

आधी टेकाडाचं बघू. तुमचं गाव घाटावरचं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘पांढर’ म्हणजे काय ते विचारा. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानायचे. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. नदीकाठच्या कितीतरी गावांजवळ एक ओसाड, भुरकट पांढरं टेकाड असतं. तिथे आज कुणी राहत नाही, पण गाव त्याला पांढरच म्हणतं. म्हणजे बघा, तिथे कधीतरी वस्ती होती, ही गोष्ट लोक विसरले असतील, शब्द विसरलेला नाही.

आणि ती माती पांढरी का? मातीचं घर शे-दोनशे वर्षं टिकत नाही. कुडाच्या भिंती पडतात, माणसं तीच जागा सपाट करून वर नवीन घर उभारतात. त्यात चुलीतली राख, शेणाचं सारवण, चुना, उकिरडा, फुटकी मडकी. असं शेकडो वर्षं चाललं की जमीन उंच होत जाते आणि तिचा रंग बदलतो. सगळ्यात जुनं सगळ्यात खाली. मधे कुणी खड्डा खणून घोळ घातला नसेल, तर तुम्ही वरून खाली जाताना काळात मागे जात असता.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांत अशाच पांढरी पालथ्या घालायला सुरुवात केली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. तिथे लाल रंगावर काळी नक्षी असलेली, पातळ, खणखणीत वाजणारी भांडी मिळाली. तशीच भांडी मग महाराष्ट्रात जिथे तिथे सापडायला लागली, म्हणून त्या अख्ख्या संस्कृतीचंच नाव जोर्वे पडलं. एका छोट्या गावाचं नाव, आणि ते जगभरातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत! जोर्वेकर कॉलेजात आपलं गाव सांगताना काय भाव खात असतील, कल्पना करा.

भोकं मोजून घर उभं करायचं

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, झे. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. अहवाल आला १९८८ मध्ये. (इंटर्नशिपचा रिपोर्ट द्यायला आठवडा उशीर झाला म्हणून मी रडत होते.)

या उत्खननाचं वेगळेपण म्हणजे त्यांनी नुसता एक खोल खड्डा घेतला नाही. खोल खड्ड्याने कोणत्या थरावर कोणता थर ते कळतं, पण गाव दिसत नाही. इथे त्यांनी आडवं, पसरट खणलं. त्यामुळे सव्वाशेच्या वर घरं उजेडात आली. वस्तीचे तीन काळ दिसले. इ.स.पू. १६०० च्या आसपास माळवा संस्कृतीचे लोक आले. मग इ.स.पू. १४०० ते १००० पूर्व जोर्वे आणि त्यानंतर इ.स.पू. ७०० पर्यंत उत्तर जोर्वे. या तारखा ठरवायला कोळसा उपयोगी पडतो. जळालेल्या लाकडात किती किरणोत्सारी कार्बन उरलाय ते मोजून.

आता ‘घर सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडतं? मला वाटायचं भिंती सापडतात. छे! कुडाची भिंत तीन हजार वर्षं कुठली टिकायला? सापडतात ती भोकं. जमिनीत रोवलेला खांब कुजून जातो, त्याच्या जागी आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. खुरप्याने जमीन हळूहळू तासत गेलं की गोल डाग दिसायला लागतात. डागाला डाग जोडत गेलात की एक चौकोन तयार होतो. चौकोनात चोपून केलेली, पुन्हा पुन्हा सारवलेली जमीन. एका बाजूला चुलीचा जळका, लालसर खळगा. एखाद्या कोपऱ्यात चार सपाट दगड, रांजण डुगडुगू नये म्हणून मांडलेले.

हे दगड वाचताना मला आजीचं माजघर आठवलं. ढवळीकरांनाही तसंच काहीतरी झालं असावं, कारण त्यांनी आजच्या खेड्यांतली, वस्त्यांवरची घरं मुद्दाम पाहिली. आजही कणगी कशावर ठेवतात, पेव कसं लिंपतात, पडलेल्या झोपडीचं मागे काय उरतं. जमिनीत एक गोल, लिंपलेला खड्डा दिसला तर ज्याने पेव पाहिलंय तोच म्हणणार ना, अरे, हे धान्याचं पेव!

करपलेलं तेवढं उरलं

धान्याचं मात्र मजेशीर आहे. साधा दाणा मातीत कुजतो. जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही. त्यामुळे चुलीपाशी सांडलेलं, करपलेलं, आग लागून खाक झालेलं जे काही असेल, तेच आपल्यापर्यंत पोचतं. जमिनीची माती पाण्यात कालवली की हे हलके कोळसे वर तरंगतात. मग ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. इनामगावच्या बिया डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी अभ्यासल्या. जव हे मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगे, बोरं. हुलगे! म्हणजे आजी हिवाळ्यात जे माडगं करते, त्यातलं मुख्य सामान तीन हजार वर्षांपूर्वीही त्याच भागात होतं. (ती माडगंच करत होती, असं मात्र म्हणता येणार नाही. ताईने मला इथे डोळे वटारले होते.)

हाडं तर ढिगाने मिळाली. गाई-बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, हरणं, मासे, कासवं. हाडावर कापल्याच्या खुणा असल्या की ते जनावर खाल्लं गेलं, हे कळतं. दगडी पाती गारेच्या जातीच्या दगडाची, ब्लेडसारखी धारदार. तांबं होतं, पण थोडंच आणि किमती. म्हणून या काळाला ताम्रपाषाण म्हणतात. नावात तांबं आधी असलं तरी रोजचं काम दगडच करत होता.

मोठं घर गोदामाशेजारी

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बरं, जेवत होते, राहत होते, पुढे काय? पुढे जागेचा प्रश्न येतो, आणि ताईच्या ‘कुठे सापडलं’चा अर्थ मला इथे पहिल्यांदा लागला.

इनामगावात कुंभार, मणी घडवणारे, हस्तिदंताचं काम करणारे होते, हे त्यांच्या वस्तूंवरून कळतंच. पण या वस्तू कोणत्या घरात मिळाल्या, ते नकाशावर टाकलं तेव्हा दिसलं की कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती. मधोमध मोठी घरं. आणि मधल्या घरांत एक घर पाच खोल्यांचं. बाकीची एका खोलीची, फार तर मधे आडभिंत असलेली, आणि हे पाच खोल्यांचं. त्याच्या शेजारच्या बांधकामात पेवं आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे. म्हणजे धान्याचं कोठार. नदीच्या बाजूला पाण्याचा एक पाट खोदलेला आणि दगड-मातीचा बांध घातलेला. हे काम एकट्या-दुकट्या कुटुंबाचं नव्हे.

या सगळ्याची बेरीज ढवळीकरांनी अशी मांडली की गावाला एक प्रमुख होता, धान्य त्याच्याकडे जमा होत होतं आणि गावाकडून काम करून घेण्याइतका त्याचा शब्द चालत होता. कुणी लिहून ठेवलेलं नाही. एकही अक्षर नाही. फक्त कशाच्या शेजारी काय, एवढ्यावरून. मोठं घर गोदामाला लागून असणं आणि मेहनतीची कामं करणारे गावाच्या कडेला असणं, हे वाचून मला फारसा धक्का बसला नाही. तुम्हालाही बसणार नाही. तुमच्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा.

जमिनीखाली लेकरं

आता जे सांगणार आहे, ते वाचून मी दोन दिवस गप्प होते.

इनामगावात दोनशेहून जास्त दफनं सापडली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची. स्मशान असं वेगळं नव्हतं. घराच्या जमिनीत किंवा अंगणात खड्डा घ्यायचा, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत मूल. सोबत छोटी भांडी, बहुधा खाण्या-पिण्याची. वर माती, पुन्हा सारवण. आणि त्याच जमिनीवर घर चालू. चूल तिथेच, निजणं तिथेच. मुलांची वयं दातांवरून कळतात, कारण कोणता दात कधी हिरडीतून येतो याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. यांतली कितीतरी मुलं दुधाचे दातही पुरते न आलेली.

‘त्या काळी मुलं जायचीच, त्यांना सवय असेल,’ असं आपण सहज म्हणतो ना? मी पण म्हणाले होते. सवय झालेली माणसं मडक्याला मडकं इतकं नीट जुळवत बसतील का?

नेवाशाच्या उत्खननात अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. त्या मण्यांच्या आतला धागाही शिल्लक होता, सुताचा आणि रेशमाचा. तांबं गंजताना त्याचे क्षार धाग्यात मुरले आणि धागा वाचला. महाराष्ट्रात त्या काळी कापूस आणि रेशीम माहीत होतं, याचा हा पुरावा. तुम्ही वस्त्रोद्योगाचा इतिहास शिकत असाल तर तुमच्यासाठी ती ओळ एवढीच आहे. पण ती माळ कुणीतरी ओवली होती आणि परत काढून घेतली नव्हती. तांबं महाग असताना.

मोठ्या माणसांचं निराळंच. त्यांना खड्ड्यात उताणं झोपवलेलं, डोकं उत्तरेला. आणि पाय घोट्याखाली तोडलेले. हो, तोडलेले. एकाचे नाही, ही रीतच होती. मेलेल्याने चालत परत येऊ नये म्हणून, की घर सोडून जाऊ नये म्हणून? दोन्ही तर्क करता येतात. मला दुसरा जास्त पटतो. ज्याची भीती वाटते त्याला कुणी घराच्या जमिनीखाली ठेवेल का? पण हे माझं मत झालं. हाडं एवढंच सांगतात की पाय नव्हते.

या रीतीला ठळक अपवाद आहे तो पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणातला. चार पायांचा, मोठ्या पोटाचा, कच्च्या मातीचा रांजण आणि त्यात मांडी घालून बसवलेला साधारण चाळिशीचा पुरुष. त्याचे पाय शाबूत. सीबीएसईवाल्यांनो, तुम्ही हा माणूस पाहिलाय! एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात तो होता आणि तिथे उत्तर दिलं नव्हतं, उलट विचारलं होतं की हा गावाचा प्रमुख असेल असं तुम्हाला वाटतं का. मला आता वाटतं, सहावीच्या पोरांना विचारलेला हा जगातला सगळ्यात भारी प्रश्न आहे. रांजण एकटा बघितला तर तो नुसता विचित्र रांजण. पाच खोल्यांचं घर, शेजारचं कोठार, गावाच्या मधली जागा आणि इतरांचे तोडलेले पाय हे सगळं माहीत असेल तरच तो माणूस ‘कोणीतरी’ होतो. उद्या कुणी तो रांजण रात्रीत उपसून विकला असता, तर घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात एक शोभेची वस्तू वाढली असती आणि आपला एक अख्खा माणूस गेला असता.

तशीच एका घराच्या जमिनीखाली सापडलेली मातीची पेटी. आत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, पेटीवर झाकण, आणि त्यावर आणखी एक स्त्रीमूर्ती, हिला डोकं नाही, आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीला भोक, मधे काडी घातली की ती बैलावर बसते. हे चार तुकडे चार ठिकाणी मिळाले असते, तर कुणी म्हणालं असतं खेळणी, कुणी म्हणालं असतं फुटकी बाहुली. एकत्र पुरलेले मिळाले, म्हणून ती घरातली देवी असावी असं म्हणता येतं.

गाव का उठलं?

इ.स.पू. १००० नंतर इनामगाव बदलतं. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात. तीन-चार झोपड्यांचा पुंजका, म्हणजे बहुधा एकेक कुटुंब. भांडी पूर्वीइतकी देखणी राहत नाहीत. गहू-जव कमी होतात, शिकारीवर भर वाढलेला दिसतो. आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठतंच.

ढवळीकरांचं उत्तर होतं दुष्काळ. हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेना, माणसं अर्धभटकी झाली. शिरूर तालुक्यातल्या कुणालाही हे पटकन पटेल. पटेल म्हणूनच जरा जपून बघायला हवं. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने इनामगावच्या मुलांच्या सांगाड्यांवर एक पुस्तक लिहिलं. मूल उपाशी किंवा आजारी असेल तर हाड वयाच्या मानाने खुरटं राहतं, दाताच्या एनॅमलवर खाचा उमटतात. त्या बारक्या हाडांतून मुलांची वाढ कशी होत होती ते तिने पाहिलं, पावसाच्या जुन्या नोंदींचा तोवर झालेला नवा अभ्यास शेजारी ठेवला आणि म्हटलं, ‘पाऊस गेला म्हणून गाव गेलं’ ही गोष्ट फार सोपी आहे. हवामान, शेती, माणसांची संख्या, त्यांनी घेतलेले निर्णय, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

म्हणजे ढवळीकर चुकले? मला तसं नाही वाटत. त्यांनी हातातल्या पुराव्यावर उत्तर काढलं आणि पुढच्या माणसाला ते तपासता येईल अशी सोय ठेवली. एकेका मडक्याचा थर, खड्डा, घर, सगळं नोंदवलेलं होतं, म्हणून तीस वर्षांनी दुसरं कुणी येऊन तीच हाडं नव्याने वाचू शकलं. ढवळीकरांनी मराठीतही भरपूर लिहिलंय, ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लायब्ररीत मिळाली तर घ्या. परीक्षेसाठी नको, तशीच वाचा.

मामाला फोन

हे सगळं डोक्यात असताना मी आजोळी फोन केला. टेकाड कसंय विचारलं. मामेभाऊ म्हणाला, ‘अर्धं नेलं की लोकांनी. आम्ही पण दहा-बारा ट्रॉल्या आणल्या. पांढरीची माती टाकली की ऊस कसा उठतो बघ तू!’

तो काही वाईट माणूस नाही. पांढरीची माती पूर्वीपासून नेली जाते, माळवदावर टाकायला, लिंपायला, शेतात. राखेची, शेणाची, हाडांची माती ती, पिकाला मानवणारच. फरक एवढाच की पूर्वी पाटीने नेत होते, आता जेसीबीने. एका दुपारी पाचशे वर्षं.

गेल्या शनिवारी मी गेले. ताई व्हिडिओ कॉलवर. जेसीबीने टेकाडाची नदीकडची बाजू केकसारखी कापली होती आणि त्या कापलेल्या भिंतीत सगळं दिसत होतं. राखेचा करडा पट्टा. त्याखाली एक सरळ, कडक रेघ. ‘ती जमीन आहे, घराची,’ ताई ओरडली. एका ठिकाणी ती रेघ तुटून खाली गडद मातीचा खोलगट आकार. कदाचित पेव. आणि कमरेच्या उंचीवर एका मडक्याची कड बाहेर आलेली, काळी नक्षी चकाकत होती. हात शिवशिवत होता. मामेभाऊ म्हणाला, ‘काढ की.’

नाही काढलं. ताई सांगेल तसं केलं. भिंतीला पेन टेकवून फोटो, मापाचा अंदाज यावा म्हणून. दूरून एक, जवळून एक. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश. वरपासून मडक्यापर्यंत किती, ते मामाच्या टेपने मोजलं, १ मीटर ४० सेंटिमीटर. दिशा लिहिली. तुमच्या गावाजवळ असं टेकाड कापलं जात असेल, तर तुम्हीही एवढंच करू शकता, आणि मग ते फोटो जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पाठवू शकता. जमिनीत नाणी, दागिने वगैरे मिळाले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मर्यादा किती? दहा रुपये! दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही. कायदा तेव्हाचा आहे, म्हणून.

मामेभावाशी थोडं वाजलं. ‘तुला काय, तू पुण्यात बसून लिहिणार. इथे ऊस कोण उभा करणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मी त्याला इनामगावच्या मुलांचं सांगितलं. मडक्यांचं, अंगणातल्या खड्ड्यांचं. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे इथं पण असतील?’

माहीत नाही म्हटलं. असतीलही.

ताईच्या सरांना फोटो पाठवलेत. ते पुढच्या आठवड्यात येऊन बघतो म्हणालेत. तोवर नदीकडची बाजू कापायची नाही, असं मामाने जेसीबीवाल्याला सांगितलंय. गावाकडच्या बाजूचं तो काही बोलला नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर बरणी काढली आणि तिला एक चिठ्ठी चिकटवली. ‘खापरं ३१. पांढरीचं टेकाड. दिवाळीच्या सुट्ट्या, २०१४ ते २०१७. नक्की जागा नोंदवलेली नाही.’